गाडीखालची घोडी

मित्रांनो, मी एक घोडी आहे. पण मला शेपूट नाही, आयाळ नाही आणि धावण्याचे तर नावच काढू नका. मी लोखंडाची आहे, जुनी आहे, मला तीन पाय आहेत आणि जन्मापासून माझे एकच काम आहे, उभे राहणे. जॅकने गाडी उचलली की तिच्या पोटाखाली जी ठेवतात ना, ती मी. माझ्या डोक्यावर गाडी टेकवतात, जॅक काढून घेतात आणि मग माणूस सरपटत खाली जातो. तो बाहेर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्ही म्हणाल की ही बाई भारीच घाबरट दिसते. आहेच मी घाबरट. जॅकची गोष्ट वेगळी. दांडा चार वेळा खालीवर केला की त्याची मान वर येते, गाडी उचलली जाते आणि बघणारे म्हणतात, "वा, काय ताकद आहे!" माझ्याकडे बघून आजवर कुणी 'वा' म्हटलेले नाही. पण उचलणे घटकाभराचे असते आणि धरून ठेवणे दिवसभराचे. बरे, धरायचे तरी काय? वर टनभर लोखंड आणि खाली कुणाच्या तरी घरचे माणूस. तुम्हीच सांगा, काळजी नाही करायची तर काय करायचे?

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. पाण्याच्या जुन्या पाइपचे तुकडे माझे पाय झाले. मधल्या जाड नळीत दुसरी नळी बसवली, तिला भोके पाडली आणि उंची कमीजास्त करायला एक जाड पिन दिली. ती पिन हरवू नये म्हणून साखळीने माझ्या कमरेला अडकवलेली आहे. पायांच्या खाली चपटे, खरखरीत तळवे आहेत. माझ्याबरोबरच माझी जोडीदारीण जन्मली. गाडीच्या डाव्या बाजूला मी आणि उजव्या बाजूला ती, असा आमचा संसार.

आम्हा दोघींना एका मिस्त्रींनी नेले. रस्त्याच्या कडेला त्यांचे गॅरेज होते. जमीन खडबडीत सिमेंटची, तेल पिऊन काळी झालेली. पण पाय रोवायला अशी जमीन शोधून सापडायची नाही. मिस्त्रींची एक सवय होती. गाडी आमच्यावर टेकवली की ते लगेच खाली जात नसत. आधी मडगार्डवर दोन्ही हात ठेवत आणि गाडीला चांगला जोर लावून हलवत. मग गाडीला म्हणत, "पडायची असशील तर आत्ता पड, बाई. मी आत गेल्यावर नको." गाडी जागची हलली नाही, की मगच अंथरलेल्या पोत्यावर पडून खाली सरकत.

गाडीखाली गेलेला माणूस एकटा असतो आणि एकटा माणूस स्वतःशी बोलतो. त्याचे डोके माझ्या पायाशीच असते, त्यामुळे त्याचा श्वाससुद्धा मला ऐकू येतो. मिस्त्री खाली गेले की गुणगुणत. गुणगुण थांबली की मी कान टवकारत असे. मग कळे, की काही झालेले नाही, त्यांनी नट दातांत धरला आहे. अशी कितीतरी वर्षे गेली. किती गाड्या आल्या आणि गेल्या, पण एकदाही आमच्या अंगाखाली कुणाला ओरखडा आला नाही. याचे श्रेय मी घेणार नाही. ते मिस्त्रींच्या त्या दोन हातांचे.

पुढे मिस्त्रींच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांनी गॅरेज बंद करायचे ठरवले. त्यांच्याकडे नेहमी येणारे एक हौशी गिऱ्हाईक होते. त्यांचे चष्म्याचे दुकान, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. त्यांच्याकडे एक जुनी निळी गाडी होती. ती चालण्यापेक्षा बंद पडूनच जास्त असे, आणि चष्मेवाल्यांना ती तशीच आवडे, कारण चालणाऱ्या गाडीला उघडून बघता येत नाही. हत्यारे घ्यायला ते आले तेव्हा त्यांची बायकोही सोबत होती. ती सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची. कुणालाही गोळ्या देताना, "जेवणानंतर घ्यायच्या. कधी घ्यायच्या, सांगा बघू?" असे उलट विचारल्याशिवाय ती पुडी हातातून सोडत नसे. तिने मला पाहिले, वाकून हात लावला आणि विचारले, "हे पडत नाही ना?"

"अगं, लोखंड आहे ते!" चष्मेवाले लाजून म्हणाले.

"लोखंड नाही पडत, वहिनी, गाडी पडते," मिस्त्री म्हणाले. "म्हणून एक करायचं. गाडी टेकवली, की खाली जायच्या आधी दोन्ही हातांनी जोर लावून हलवायची. पडायची असली तर रिकामी पडेल. यांना सांगून उपयोग नाही, हौशी माणूस आहे, नवं काही दिसलं की विसरेल. तुम्ही लक्षात ठेवा."

"हलवून बघायचं. खाली जायच्या आधी," ती म्हणाली, अगदी पुडीवरचे वाचून दाखवावे तशी. मिस्त्रींनी मान डोलावली आणि आम्ही दोघी निळ्या गाडीच्या डिकीत चढलो.

घराला लागून मोटार ठेवायची एक खोली होती, पण तिच्यात मोटार सोडून सगळे होते. मुलीचा पाळणा, तिची तीनचाकी सायकल, पाहुण्यांच्या गाद्या, दार निखळलेले कपाट आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले सगळे काही. चष्मेवाल्यांनी महिनाभर ते उपसले. एका भिंतीला जाड फळ्यांचे टेबल ठोकले, त्यावर शेगडा बसवला, म्हणजे काम करताना वस्तू घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. दुसऱ्या भिंतीवर मोठी फळी लावली, खिळे मारले आणि प्रत्येक पान्याची, हातोडीची, पकडीची आकृती त्यावर रंगाने काढली. हत्यार जागेवर नसले, की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरे. नट-बोल्टांना बरण्या, वर दोन नळीदिवे, धूर जायला भिंतीत पंखा. पंखा आईच्या आग्रहाने आला. वाळूची बादलीही तिनेच आणून दाराशी ठेवली. हो, आता मीही तिला आईच म्हणते, कारण त्या घरात सगळे तिला तेच म्हणत. मुलगी तिला आई म्हणे, आणि नवराही मुलीच्या नादाने कधी कधी "अगं आई" म्हणून जाई.

मुलीचे लाडाचे नाव चिऊ. आम्ही आलो तेव्हा ती बॅटरी धरायची आणि बॅटरीचा उजेड नेमका नको तिथे पाडायची. पुढे तिला पाने ओळखता येऊ लागले. मग वडील आतून हात बाहेर काढत आणि ती न विचारता हवा तो पाना त्यांच्या हातावर ठेवी. मग एक दिवस वडील बाहेर बसले आणि चिऊ खाली आली. तिचे हात बारीक, जिथे कुणाचा पोहोचत नाही तिथे तिचा पोहोचे. मिस्त्री गुणगुणत, चष्मेवाले स्वतःलाच शिव्या घालत. चिऊ मात्र खाली अगदी गप्प असे, जिभेचे टोक दातांत धरून. त्या शांततेने माझे काळीज कसे कुरतडले जाई, तुम्हाला काय सांगू!

पण मला एक आधार होता. गाडी टेकवल्याचा आवाज आला, की आई असेल तिथून पदराला हात पुसत दारात यायची आणि विचारायची, "हलवून बघितलं का?"

"बघितलं."

"कुणी?"

"मी, आई, मी! आत्ताच!"

मग ती जायची. कुणी 'बघितलं' म्हणून थाप मारली, तर तिला कशी कोण जाणे कळे. मग ती जागची हलत नसे. शेवटी कुणीतरी वैतागून दोन हात लावायचे, गाडी जागच्या जागी उभी राहायची आणि मी मनातल्या मनात तिला दुवा द्यायची. त्या घरात काळजी करणाऱ्या आम्ही दोघीच होतो. तिला बोलता येत होते आणि मला येत नव्हते, एवढाच काय तो फरक.

हळूहळू हौशी मंडळी जमू लागली. रविवारी सकाळपासून खोली गजबजे. त्यात एक बेकरीवाले होते, ऐसपैस पोटाचे, त्याहून ऐसपैस हसणारे. त्यांचे पोट गाडीखाली मावत नसे, म्हणून ते बाहेर बसून सल्ले देत. आईचा प्रश्न आला की ते स्वतःच्या पोटाला दोन्ही हात लावून हलवत आणि म्हणत, "बघितलं वहिनी, पक्कं आहे!" सगळे हसत. आईही हसे. तोवर ते हसणे साधे होते.

मग एकदा कुणीतरी एक छायाचित्र आणले. कुणा श्रीमंताचे गॅरेज होते, सगळे पांढरेशुभ्र, जमिनीत गाडीचे प्रतिबिंब दिसणारे. चष्मेवाल्यांनी ते पाहिले आणि झाले! दिवसभर काचा पुसून चकाकी आणणारा तो माणूस, त्याला काळी जमीन बघवेना. "गॅरेज कसं, पाट मांडून जेवायला बसावं असं पाहिजे," ते म्हणाले. हौसेला मोल नसते. महिन्याभरात खोलीत पांढऱ्या, गुळगुळीत फरश्या बसल्या. गाडी धुतलेले पाणी वाहून जावे म्हणून मोरीकडे उतारही काढला. दर शनिवारी चष्मेवाले स्वतः साबणाच्या पाण्याने फरशी पुसत आणि वर कसलेसे चकाकीचे तेल चोळत.

आणि चपला बाहेर! हो मित्रांनो, गाड्या दुरुस्त करायच्या खोलीत चपला काढून जायचे. रविवारी दाराबाहेर बुटा-चपलांची रांग लागे आणि आत मोठमोठी माणसे अनवाणी पायांनी, हातात पाने घेऊन फिरत. बेकरीवाल्यांच्या मोज्याला भोक होते, ते सगळ्यांना माहीत झाले.

पहिल्याच रविवारी मी घात केला. माझे खरखरीत तळवे फरशीवर घासले आणि एक लांब ओरखडा उठला. चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी ओरखड्यावर बोट फिरवले, एखाद्या महागाच्या काचेवर चरा पडल्यासारखे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाहेर. मागच्या चाकांना लावायच्या विटाही बाहेर, कारण त्यांचा चुरा सांडतो. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते काही खोटे नाही. दाराच्या एका बाजूला माझ्या डोक्यावर शेवंतीची कुंडी ठेवली, दुसऱ्या बाजूला जोडीदारणीच्या डोक्यावर तशीच एक. टनाटनाने वजन पेललेल्या माझ्या डोक्यावर आता चार ओंजळी माती! पाणी घातले की ते माझ्या अंगावरून ओघळे आणि पायांना गंज चढे.

आमच्या जागी नव्या लाल घोड्या आल्या. दिसायला देखण्या आणि कामालाही वाईट नव्हत्या, उगाच खोटे का बोलू? पण त्यांचेही तळवे लोखंडीच. फरशीला चरा पडेल, या भीतीने चष्मेवाल्यांनी एक युक्ती केली. चष्म्याच्या डबीत आतून मऊ मखमल लावलेली असते ना, ती त्यांनी दुकानातून आणली, तिच्या गोल चकत्या कापल्या आणि दोन्ही लाल घोड्यांच्या तळव्यांना एकेक करून चिकटवल्या. "आता सरकवा कशाही, फरशीला कळणारसुद्धा नाही!" ते आनंदाने म्हणाले आणि बोटाने ढकलून दाखवले. घोडी सुळ्ळकन सरकली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मी बाहेरून ते पाहिले आणि माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले. अहो, सरकणारी घोडी काय कामाची? जिचे कामच मुळी न सरकण्याचे, तिला तुम्ही मखमलीचे जोडे घालता? मला ओरडावेसे वाटले. पण लोखंडाला तोंड कुठे असते! त्या दिवसापासून प्रत्येक रविवार माझ्या डोक्यावर कुंडीहून जड झाला.

तरी आई होती. ती दारात यायची, चपला काढायची आणि विचारायची. पण आता खोली पांढरी झाली होती, मंडळी वाढली होती, नवे लोक आले होते आणि चष्मेवाल्यांना त्यांच्यासमोर तो प्रश्न नकोसा वाटू लागला होता. एका रविवारी आई नेहमीसारखी आली. "हलवून बघितलं का?" बेकरीवाल्यांनी पोट हलवले. नव्यांपैकी कुणीतरी विचारले, "हे काय?" बेकरीवाले म्हणाले, "हे आमचं मंगलाचरण. वहिनींनी विचारल्याशिवाय नट फिरत नाही!" हशा पिकला. आणि चष्मेवाले, तसे वाईट माणूस नव्हते हो, पण त्या हशात बोलून गेले, "अगं, ते तुझ्या दवाखान्यात विचारत जा पेशंटना. इथं सगळ्यांना कळतं."

आई "बरं" म्हणाली, चपला घातल्या आणि घरात गेली.

मित्रांनो, मी हातोड्याचे घाव खाल्ले आहेत, पण त्या 'बरं'सारखा घाव नाही पाहिला. त्यानंतर आई गॅरेजच्या दारात आली नाही. गाडी टेकवल्याचा आवाज येई, मी कान देऊन बसे, पण पदराला हात पुसत कुणी येत नसे. आतून फक्त हसण्याचे आवाज येत. कुंड्यांना पाणी घालायला ती येई तेवढीच, आणि तीही मान खाली घालून.

असाच एक रविवार. निळ्या गाडीच्या गिअरपेटीचा एक बोल्ट गंजून बसला होता. हात बारीक, म्हणून चिऊच खाली जाणार होती. चष्मेवाल्यांनी आदल्या दिवशीच फरशीला तेल चोळले होते. जॅकने गाडीचे तोंड उचलले, लाल घोड्या सरकवल्या, गाडी टेकली, जॅक निघाला. मागच्या चाकांना विटा नाहीत. फक्त जुना हँडब्रेक. गाडीचे तोंड मोरीच्या उताराकडे. मी दारातून सगळे बघत होते. चिऊने गाडीखाली सरकायची चाकांची फळी ओढली, तिच्यावर बसली आणि लांब पाना उचलला.

तेवढ्यात आई पाण्याचा झारा घेऊन माझ्यापाशी आली. कुंडीत पाणी घालू लागली. तिचेही लक्ष आत होते. मी तिच्या अगदी जवळ होते. विचार ना, मी मनात म्हणत होते. एकदाच विचार. हसू देत. तिचे ओठ हलले. पण 'बरं' म्हटलेली बाई ती, शब्द बाहेर येईना. कुंडी भरली, पाणी वरून वाहू लागले, माझ्या पायांवरून जमिनीवर आले, तिच्या चपला भिजल्या, तरी तिचा झारा काही सरळ होईना.

आत चिऊ फळीवर आडवी झाली. तिने जिभेचे टोक दातांत धरले.

आईने झारा खाली टाकला. टाकलाच. आणि चिखलाच्या चपलांनी सरळ आत गेली.

"चपला! वहिनी, चपला!" दोघेतिघे एकदम ओरडले. पांढऱ्या फरशीवर तिच्या पावलांचे काळे ठसे उमटत गेले. "थांब," ती चिऊला म्हणाली. काही विचारले नाही, कुणाकडे पाहिले नाही. ओले हात तिने मडगार्डवर ठेवले आणि अंगातला होता नव्हता तो सगळा जोर लावला.

गाडी हलली. आधी थोडीशी, मग थांबेचना. लाल घोड्या बर्फावरून सरकाव्या तशा मोरीकडे निघाल्या, एक कलली, दुसरी उलटली आणि निळी गाडी धाडकन तोंडावर पडली. फरश्या फुटल्या. हत्यारांची फळी हादरली आणि सगळे पाने खणाखण खाली आले. चिऊ फळीसकट बाहेरच होती. तिच्या पायाचा अंगठा आणि गाडीचा बंपर यांच्यात तिची चप्पलही मावली नसती.

आता तुम्हाला वाटेल, सगळे आईच्या पाया पडले असतील. तसे झाले नाही. माणसे घाबरली की आधी दोष कुणाचा हे शोधतात. चोर सोडून संन्याशाला सुळी.

"वहिनी, काय केलंत हे!" बेकरीवाले पांढरेफटक पडून म्हणाले.

"चांगली उभी होती गाडी!" चष्मेवाल्यांचा आवाज फाटला होता. "तू ढकललीस म्हणून पडली! पोरगी तिथं बसली होती, दिसत नव्हतं तुला?"

आईने आपल्या तळहातांकडे पाहिले. "हो," ती हळूच म्हणाली, "मीच ढकलली." आणि घरात निघून गेली. जाताना तिला बहुधा खरेच वाटत होते, की आपण पोटच्या पोरीवर गाडी पाडणार होतो. मित्रांनो, तोंड नसल्याचे दुःख मला त्या दिवसाइतके कधीच झाले नाही.

मंडळींनी चपला शोधल्या आणि ती गुपचूप पांगली. चष्मेवाले वाळूच्या बादलीवर बसून राहिले. चिऊ मात्र फुटक्या फरश्यांवरून अनवाणी फिरत होती. तिने उलटी पडलेली लाल घोडी उचलली, तिचे तळवे पाहिले. मखमलीवरून अंगठा फिरवला. मग ती घोडी चांगल्या फरशीवर सरळ उभी केली, तिच्यावर पाय ठेवून चढली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"बाबा, इकडे या. हिला ढकला."

"आता काय राहिलंय ढकलायचं?"

"ढकला तर. जोर नका लावू. बोटांनी."

चष्मेवाल्यांनी उठून बोटे लावली. घोडी चिऊला घेऊन मोरीकडे चालू लागली. ती उडी मारून उतरली.

"आत जाऊन मी काय करणार होते, माहितीये ना?" ती म्हणाली. "तो बोल्ट गंजलाय. पाना लावून, दोन्ही पाय गाडीला टेकवून ओढणार होते. आईच्या दुप्पट जोर लावणार होते. तेही खालून."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग पुन्हा काढला आणि हातात धरून ते तिथेच, फुटक्या फरशीवर बसले. "जगाला चष्मे देतो मी," एवढेच म्हणाले. चिऊ त्यांच्या शेजारी बसली आणि मग कुठे ती रडायला लागली.

स्वयंपाकघराची खिडकी माझ्या मागेच होती, म्हणून पुढचे मला ऐकू आले. चष्मेवाले दारातून म्हणाले, "तू नसती ढकललीस तर..." आईने भांडी घासणे थांबवले नाही.

"उद्यापासून विचारशील?" त्यांनी विचारले.

"काय?"

"तेच."

"उद्या नाही," आई म्हणाली. "मला राग आलाय. रविवारी बघू."

रविवारपर्यंत गाडीखालच्या सगळ्या फरश्या छिन्नी-हातोड्याने उखडल्या गेल्या. तिथे पुन्हा खडबडीत सिमेंट आले, उताराशिवाय. शेवंतीच्या कुंड्या लाल घोड्यांच्या डोक्यावर गेल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. तळव्यांना मखमल लावली असती तर मीही घसरलेच असते. आईने आम्हा दोघींना घासून धुतले, चिऊने गंज खरवडून रंग दिला, पिनेला तेल लावले. विटा परत आल्या. आणि गॅरेजमध्ये चपला घालून येण्याची सक्ती झाली. बेकरीवाले पहिल्या रविवारी दारातच थबकले. आईसमोर मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, विचारा." तिने विचारले. या वेळी त्यांनी पोटाला हात लावला नाही. गाडीला लावले, दोन्ही.

परवाची एक गोष्ट सांगते आणि थांबते. आई तिच्या बहिणीकडे गेली होती, चष्मेवाले दुकानात. चिऊ एकटीच गॅरेजमध्ये आली, तिने गाडी उचलली, आमच्यावर टेकवली, जॅक काढला. दारात कुणी नाही. चिऊने फळी ओढली, तिच्यावर बसली, आणि मग थांबली. उठली. हुबेहूब आईच्या आवाजात, रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "हलवून बघितलं का?" आणि स्वतःच उत्तर दिले, "नाही, आई. बघते."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेल लावा, कोरडे ठेवा, आमच्यावर कुंड्या ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्याही घरात कुणीतरी दारात उभे राहून तोच तोच प्रश्न विचारत असेल. हेल्मेट घेतलं का, गॅस बंद केला का, पोहोचल्यावर फोन करशील ना. त्या माणसाला हसून 'बरं' म्हणायला लावू नका. ते विचारायचे थांबले, की घर फार गुळगुळीत होते.

आता मला बोलणे आवरायला हवे. जॅकचा आवाज येतोय. पुन्हा वर मिरवतेय स्वारी. गाडी टेकली माझ्या डोक्यावर. चिऊ फळी ओढतेय. अजून कुणी हात लावलेला नाही, अजून नाही... लावले. दोन्ही. चांगला जोर आहे पोरीच्या हाताला.

मी हलले नाही. जा, बाळ, आता आत जा.